पंप बंद आहे का?

दाजींनी त्यांच्या डोळ्याचं मला सात महिने कळू दिलं नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून काम करत होतो, त्यांच्याच खोलीत राहत होतो, एका डब्यातलं जेवत होतो. आता आठवायला बसलं की प्रत्येक आठवड्यात एक तरी खूण सापडते, आणि त्या वेळी मी काय केलं तेही आठवतं. बहुतेक वेळा मी हसलो होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, नवरे. त्यांचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, आमचं कोरेगाव तालुक्यात, रहिमतपूरच्या जवळ. आम्ही दोघंही सैन्यात सिग्नलमध्ये होतो. ते माझ्या आठ वर्षं आधी भरती झाले आणि तेवढेच आधी सुटले. सुटल्यावर एका खासगी कंपनीत लागले. किनाऱ्यावरच्या एका गावापासून लांबच्या एका बेटापर्यंत समुद्राखालून फायबरची केबल टाकायचं काम त्या कंपनीकडं होतं. केबल टाकून झाली, किनाऱ्यावर स्टेशन उभं राहिलं, आणि तिथं आणखी एक भरवशाचा माणूस हवा झाला. मी नुकताच पेन्शनीवर आलो होतो आणि घरच्या उसात मन लागत नव्हतं. दाजींनी साहेबांकडं माझ्यासाठी शब्द टाकला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पण खोलीला खिडकी नव्हती. एसीचा गारठा, पंख्यांची घरघर आणि माणसाच्या उंचीची दोन लोखंडी कपाटं, ज्यांना आम्ही रॅक म्हणतो.

"पावणं, एका देशातनं दुसऱ्या देशात जाणारी लांबची केबल असती न्हवं," ते म्हणाले, "तिच्यात दर थोड्या अंतरावर डबा असतोय. चालून चालून उजेड दमला की डबा त्याला पुन्यांदा जोर देतोय. त्या डब्याला करंट किनाऱ्यावरनं जातोय. आपली केबल जवळची, दोन-अडीचशे किलोमीटरची. हिच्यात डबा न्हाई, करंट न्हाई. समुद्रात नुसती काच हाय, तारंत गुंडाळल्याली."

"मग तिथं बिघडायचं काय?"

"कायच न्हाई. समुद्रात बिघडायला कायच न्हाई. समदा जोर हितनंच लावायचा." त्यांनी रॅककडं बोट केलं. "आमच्या माळावर पाणी चढवायचं आन मधी कुठं पंप नसला, तर खालचाच पंप दांडगा लागतोय. आन पाइप फुटली तर ती बी खालीच, पंपाच्या तोंडाला."

रॅकमधल्या त्या उपकरणालाही आम्ही पंपच म्हणायचो. जाडजूड वहीएवढं एक कार्ड. त्यातून लेसरचा उजेड निघायचा आणि पिवळ्या वायरीतून समुद्राच्या केबलमध्ये जायचा. असे दोन पंप होते, वर एक नंबरचा, खाली दोन नंबरचा. त्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. वायरीचं टोक उघडं असलं तरी अंधाऱ्या खोलीतसुद्धा काही दिसत नाही. पण त्याच टोकासमोर कागद धरला तर कागद जळतो. दाजींनी मला ते करून दाखवलं. कागदाच्या मधोमध एक तपकिरी ठिपका आला, मग धूर आला. उजेड कुठंच नव्हता.

"म्हणून नेम धेनात ठेवा," ते म्हणाले. "टोकावर धूळ हाय का बघायच्या आदी ते उजेड मोजायच्या मीटरला लावायचं. मीटर शून्य म्हणंल तवाच दुर्बीण लावायची. मी सांगितलं तरी न्हाई, सायबानं सांगितलं तरी न्हाई."

ज्या दिवशी ते घडलं तो दिवस मला तेव्हा अगदी साधा वाटला होता. मला लागून दोन महिने झाले होते. केबलची चाचणी चालू होती, गिऱ्हाइकांचं इंटरनेट तिच्यावर अजून चढवलेलं नव्हतं. एरवी कुठलीही वायर सुटली की पंप आपोआप बंद होतो, तसं एक कुलूपच त्याच्या यंत्रणेत असतं. चाचणीत ते कुलूप सारखं आडवं येत होतं, म्हणून मोठ्या शहरातून आलेल्या इंजिनिअरनं ते काढून ठेवलं होतं. परत लावायचं राहिलं आणि तो बेटावर निघून गेला. टोक पडद्यावर मोठं करून दाखवणारी नवी दुर्बीणही त्यानं बरोबर नेली. आमच्याकडं राहिली ती जुनी, डोळ्याला लावायची.

सकाळी अकराच्या सुमाराला एक नंबरच्या पंपाची वायर काढून तिचं टोक तपासायचं होतं. दाजी रॅकपाशी होते, मी कॉम्प्युटरपाशी. मीटर माझ्या टेबलावर होतं.

"पंप बंद हाय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, बंद केलाय."

तेवढ्यात बेटावरून फोन आला. आत आवाज नीट येत नसे, म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेलो. परत आलो तर दाजी रॅककडं तोंड करून उभे होते. एक हात रॅकवर, एक हात डोळ्यावर.

"काय झालं?"

"कचरा गेला वाटतं. तोंड धुवून येतो."

बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा उजवा डोळा लालभडक झाला होता आणि पाणी खळत नव्हतं. दुपारी जेवले नाहीत. खोलीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. "डोळं आल्यात," म्हणाले, "लांब ऱ्हावा, तुमाला बी लागंल." मी औषधाच्या दुकानातून थेंब आणून दिले आणि काळा चष्मा लावल्यावर तुम्ही सिनेमातले दिसता म्हणून चेष्टा केली. चार दिवसांनी ते कामावर आले. डोळ्याची लाली गेली होती. विषय संपला.

त्यानंतर त्यांनी वायरींची टोकं पुसायचं आणि बसवायचं काम माझ्याकडं दिलं. "तुमचा हात आता बसलाय," म्हणाले. मला अभिमान वाटला. घरी फोन करून बायकोला सांगितलंसुद्धा. चहा ओतताना ते आता कपाच्या काठाला किटली टेकवून मग ओतायचे. जिना उतरताना भिंतीला हात लावायचे. वय होत चाललं, एवढंच माझ्या मनात आलं.

थंडीत आम्ही दोघं रजेवर त्यांच्या गावी गेलो. अक्कानं माळावर एकरभर द्राक्षबाग लावली होती आणि विरळणी चालू होती. घडातले दाटीचे मणी छोट्या कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. बायकांबरोबर दाजीही कात्री घेऊन वेलीखाली उभे राहिले. थोड्या वेळानं अक्का माझ्याकडं आली. तिच्या ओच्यात हिरवे घड होते.

"बघ की रं! मणी काडायचं सोडून घडच्या घड कापत्यात ह्ये. सकाळपासनं सातवा हाय."

दाजी तिकडून ओरडले, "कात्री नवी हाय गं!"

मी हसलो. अक्का नाही हसली. दुपारी ओसरीवर गहू निवडताना तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"दाराच्या चौकटीला धडकत्यात. सारखं उजव्याच अंगाला. इचारलं तर म्हणत्यात, दार बारकं हाय. पंचवीस वर्सं त्याच दारातनं आत-भायर करत्यात." सुपातला एक खडा तिनं बाजूला काढला. "तुमच्या त्या कामात काय वंगाळ असतंय का रं?"

"काय वंगाळ असणार, अक्का? एसीत बसून काम. समुद्रात पाय सुदिक बुडवावा लागत न्हाई."

"मग बरं," ती म्हणाली. माझा शब्द तिनं जसाच्या तसा घेतला.

दुसऱ्या दिवशी दाजी मला मोटारसायकलवरून मिरजेला सोडायला निघाले. उसाचा हंगाम होता. एका फाट्यावर उजवीकडून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येत होता. एवढं मोठं धूड, गाणी लावलेली, कोणालाही दिसलं असतं. दाजींनी वेग कमी केला नाही. मला वाटलं आता करतील, आता करतील. मग मी त्यांच्या खांद्याला धरून ओरडलो. गाडी घसरत रस्त्याच्या कडेला गेली आणि उसाची पाचट माझ्या गुडघ्याला घासून ट्रॉली पुढं निघून गेली.

ट्रॅक्टरवाला मागं वळून ओरडला, "आंधळं हाय काय रं!"

दाजींनी गाडी बंद केली. हँडल धरून तसेच बसून राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता, डिसेंबरच्या सकाळी. मग उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"पावणं, हितनं फुडं तुमी चालवा."

ह्या वेळी मी हसलो नाही. पण विचारलंही नाही. मिरजेपर्यंत मीच चालवली. मला वाटलं ट्रॅक्टरवाल्याचं बोलणं त्यांना लागलं असेल. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "अक्काला सांगू नगा." मी सांगितलं नाही.

पुढं केबल सुरू झाली. बेटावरच्या दवाखान्याचं, शाळांचं, सरकारी कचेऱ्यांचं सगळं कामकाज तिच्यावरून चालू लागलं. दोन महिन्यांनी पंपाचा जोर वाढवायचा ठरला. सकाळचं काम होतं. एक नंबरच्या पंपाची वायर बदलायची होती आणि त्या वेळेपुरतं सगळं दोन नंबरवर घेतलं होतं. त्या दिवशी माझ्या अंगठ्याला चीर गेली होती, पट्टी होती. दाजी म्हणाले, "द्या हिकडं, मी बसवतो."

त्यांनी टोक पुसलं. पडद्यावर मोठं करून आम्ही दोघांनी बघितलं, स्वच्छ होतं. मग ते भिंतीवरच्या पेटीपाशी गेले, जिथं समुद्राची केबल खोलीत येते, आणि टोक भोकात घालायला लागले. पहिल्यांदा ते भोकाच्या बाजूला टेकलं. पत्र्याला घासल्याचा आवाज मला आला. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं भोक चाचपलं आणि टोक आत सरकवलं. मी हे सगळं बघत होतो. परत काढा, परत पुसू, एवढंच म्हणायला हवं होतं. वयानं मोठा माणूस, ज्यानं मला हे काम शिकवलं, त्याला काय सांगायचं, असं वाटून मी गप्प बसलो.

मी कॉम्प्युटरवरून पंप चालू केला आणि थोडा थोडा जोर वाढवत नेला. दाजी पेटीपाशीच उभे होते. पेटी त्यांच्या उजव्या हाताला होती.

एकदम तिथं एक पांढरा ठिपका पेटला. आवाज नाही, धूर नाही. वेल्डिंगच्या टोकाला दिसतो तसला निळसर पांढरा, मोहरीएवढा उजेड. आणि तो चालायला लागला. पिवळ्या वायरीच्या आतून, दाजींच्या खांद्याजवळून, रॅकच्या दिशेनं. माणूस रेंगाळत चालतो तेवढ्याच चालीनं. जिथून तो पुढं जाई तिथली वायर मागं तशीच पिवळी दिसायची. मला ह्या प्रकाराबद्दल शिकवलेलं होतं. टोकावर घाण असली आणि जोर जास्त असला तर काच आतून पेटते, आणि ती आग पंपाकडं उलटी चालत येते. पण शिकवलेलं वेगळं आणि डोळ्यांसमोर चाललेलं वेगळं. 

"दाजी, बाजूला व्हा!"

"काय झालं?" त्यांनी डावीकडं बघितलं. मग सगळं अंग फिरवून दाराकडं बघितलं. "कशाचा उजेड पडलाय?"

उजेड त्यांच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर होता.

मी टेबलावरचं लाल बटण दाबून पंप बंद केला. ठिपका रॅकच्या दाराशी विझला. वायर आतून संपूर्ण जळाली होती, पंपाचं तोंड बचावलं होतं. बेटावर काही कळलं नाही, त्यांचं काम दुसऱ्या पंपावर चालूच होतं. मी कॉम्प्युटर सोडून दाजींच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"डावा डोळा झाका."

"का? परत भरती हाय काय?"

"झाका म्हणतो न्हवं."

त्यांनी तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. मी तीन बोटं धरली. "किती?"

त्यांनी मान पुढं काढली.  "खिडकीवर दव बसल्यावानी हाय," ते म्हणाले. "तुमी हाय ते कळतंय. बोटं न्हाई कळत."

"कवापासनं?"

"ते डोळं आल्यालं न्हवं, तवापासनं." मग घाईनं म्हणाले, "माझीच चूक. मीटर लावलं न्हाई."

त्याच आठवड्यात मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. बराच वेळ यंत्रातून बघत होत्या. मग खुर्ची मागं घेऊन म्हणाल्या, "तुम्ही भट्टीवर काम करता का? काचेच्या, लोखंडाच्या?"

"न्हाई."

"असला मोतीबिंदू मी भट्टीवाल्यांच्याच डोळ्यांत बघितलाय. आणि वरच्या पडद्यावर भाजल्याचा वण आहे. काय झालं होतं?"

मी सांगितलं, मला जेवढं माहीत होतं तेवढं. त्यांनी मोतीबिंदू काढता येईल म्हणून सांगितलं, पण वण राहील, आणि नजर किती येईल ते आता सांगता येणार नाही. "त्याच दिवशी आला असतात तर बरं झालं असतं. सात महिने कुणी गप्प बसतं का?"  मग डॉक्टर माझ्याकडं वळल्या. "तुम्हीही तेच काम करता ना? बसा."

माझ्या उजव्या डोळ्याच्या भिंगात एक बारीक ठिपका निघाला. "वयानंही असतो," त्या म्हणाल्या. "नसेलही. वर्षानं परत दाखवा."

स्टेशनवर परत आल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. पंप मी बंद केला होता. मग उजेड आला कुठून? रॅक प्रत्येक गोष्टीची नोंद आपल्या आपण ठेवतो, कुणी कधी काय दाबलं त्याची. मी दुपारी एकटा बसून सात महिने मागं गेलो. तो दिवस सापडला. अकरा वाजून सहा मिनिटं, दोन नंबरचा पंप बंद, माझ्या नावानं. अकरा वाजून दहा मिनिटं, एक नंबरचा पंप बंद, रॅकवरच्या बटणानं.

मी खालचा बंद केला होता. वरचा चालू होता. आणि चार मिनिटांनी, डोळा भाजलेल्या अवस्थेत, दाजींनी वरचा स्वतः बंद केला होता. मी फोनवर हसत बोलत होतो तेव्हा.

ते ऑपरेशनसाठी घरी होते. मी रजा टाकून गेलो. बाग संपली होती, बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातली होती आणि दाजी एका खाटेवर बसून राखण करत होते. मी समोर उभा राहिलो. बसलो नाही.

"तुमाला म्हाईत हुतं. पंप मी चुकीचा बंद केला हुता."

त्यांनी नाही म्हटलं नाही. "मागं बघितलं तर खालचा दिवा इझल्याला, वरचा चालू. मग वरचं बटन दाबलं."

"मग बोलला का न्हाई? सात महिनं!"

"काय बोलायचं? तुमाला लागून दोन महिनं झाल्यालं. चौकशी बसली असती, तुमाला काडून टाकलं असतं. आन तुमच्या अक्काला काय सांगायचं? तुज्या भावाच्या हातनं माझा डोळा गेला म्हणून?" ते जाळीवरची द्राक्षं बोटांनी पसरत राहिले. "मला वाटलं, बरा हुईल. भाजल्यालं बरं हुतंय की."

"आन ती आग? परवा काय झालं असतं?"

"व्हय," ते म्हणाले. "ते माझ्या धेनात आलं न्हाई. आपला डोळा हाय, आपल्यापुरतं हाय, असं वाटलं."

मी तिथून घरात गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. माझं सांगून झाल्यावर तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "मी तुला इचारलं, तवा तुला ह्यातलं कायच म्हाईत न्हवतं?"

"न्हवतं, अक्का. देवाशपथ."

"मग तू कशाच्या जिवावर म्हणालास, एसीत बसून काम म्हणून?"

 तिनं मला वाढलं. स्वतः जेवली नाही.

मी कंपनीला लेखी कळवलं. माझी चूक लिहिली, दाजींनी मीटर लावलं नाही ते लिहिलं, आणि कुलूप काढून ठेवलेलं होतं तेही लिहिलं. एक साहेब आले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "ती कुलपाची ओळ तेवढी काढून टाका. तुमच्याच भल्याचं सांगतो." मी काढली नाही. महिन्याभरात दाजींना कामावरून मोकळं केलं. मला पंपाच्या खोलीतून काढून घाटावर धाडलं. आता माझ्याकडं कऱ्हाड ते कोरेगाव जमिनीखालून गेलेली फायबर आहे. कुठं रस्ता खणतात, कुठं पाइपलाइन पुरतात, तिथं जेसीबीच्या पुढं जाऊन उभं राहायचं. उघड्यावरचं काम. मला ते आवडतं.

दाजींचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यानं आता त्यांना बोटं मोजता येतात, चेहरा ओळखू येत नाही. मोटारसायकल त्यांनी विकून टाकली.

ह्यावर सगळं संपायला हवं होतं. पण उन्हाळ्यात कंपनीचा निरोप आला. दाजींच्या जागी त्यांच्या मुलीला घ्यायला तयार आहेत. भाचीचा सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि ती वर्षभर घरी बसून होती. दाजी खूश झाले. पोरगी तर त्याच दिवशी बॅग भरायला लागली. अक्कानं मला बोलावून घेतलं.

"तू हाईस का तितं?"

"न्हाई, अक्का. मला हिकडं टाकलंय."

"मग तितं कोण हाय?"

"नवीन माणसं हायत. मला ओळखीची न्हाईत."

"त्ये कुलूप लावलंय का?"

"लावलंय म्हणत्यात."

"म्हणत्यात," ती म्हणाली, आणि उठून गेली. मी भाचीला समजावून बघितलं. जाऊ नकोस असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, हे मला ठरवता येईना. ती म्हणाली, "मामा, तुम्ही दोघांनी नेम मोडला. मी मोडणार नाही." खरं तेच बोलली. ती गेली.

दोन महिन्यांनी अक्काचा फोन आला. ती एरवी मला फोन करत नाही, मी सगळं सांगितलं त्या दिवसापासून. मी रहिमतपूरच्या रस्त्यावर एका खड्ड्याशी उभा होतो.

"पोरगी चार दिस झालं व्हिडिओवर येत न्हाई. नुसतंच बोलती. मी म्हटलं तोंड दाखव, तर म्हणती नेट न्हाई. तितं नेट न्हाई म्हणती ती!"

मी जेसीबीवाल्याला काम थांबवायला सांगितलं आणि साहेबांना न विचारता निघालो. घाट उतरताना ढग खाली आले होते, समोरच्या गाड्यांचे नुसते दिवे दिसत होते. वाटेत तिला तीनदा फोन लावला. तिनं उचलला नाही. शिफ्टवर असली की आता फोन बाहेर ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग नव्हता.

चारच्या सुमाराला मी स्टेशनच्या फाटकाशी पोचलो. शिफ्ट सुटली. ती बाहेर आली ती काळा चष्मा लावून. 

"मामा? तुम्ही कसे काय?"

"चष्मा काढ."

"काय झालं?"

"आदी चष्मा काढ."

तिनं काढला. दोन्ही डोळे स्वच्छ होते, पण कपाळावर आणि गालांवर लाल पुरळ उठली होती. किनाऱ्यावरच्या घामानं. आई लगेच घरी ये म्हणेल म्हणून तिनं तोंड लपवलं होतं, आणि चष्मा उन्हाचा घेतला होता. मी तरीही तिला रस्त्याच्या कडेला उभं केलं. एक डोळा झाकायला लावून लांबच्या ट्रकचा नंबर वाचायला सांगितला, मग दुसरा झाकून. तिनं दोन्ही वेळा बरोबर वाचला. फाटकावरचा पहारेकरी आमच्याकडं बघत होता. तिला लाज वाटली असावी.

तिथूनच मी अक्काला फोन लावला. "घामोळं आलंय तिला. डोळं बरं हायत."

"तू सोता बघितलंस?"

"बघितलं."

"कुणी सांगितलं म्हणून न्हाई न्हवं?"

"न्हाई, अक्का. एक एक डोळा झाकून बघितलं."

 मग ती म्हणाली, "फुडल्या महिन्यात बी जा," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी दर महिन्याला घाट उतरतो. भाची आता मला बघितलं की काही विचारत नाही. फाटकाबाहेर येते, हातातली पिशवी खाली ठेवते आणि आपण होऊन आधी डावा डोळा झाकते.